मोठ्या बंदुकीत लहान नळी

1871 साली ब्रिटिश लष्कराने मार्टिनी-हेन्री रायफल स्वीकारली. तिच्या एका काडतुसात साडेपाच ग्रॅम काळी दारू आणि 31 ग्रॅम वजनाची शिशाची गोळी असे. बार उडाला की दस्ता खांद्यात असा बसायचा की थोड्याच गोळ्यांनंतर नवखा रंगरूट चाप ओढण्याआधीच डोळे मिटून घेई. शिवाय तिच्या सरावाला शेकडो यार्डांचं मोकळं मैदान हवं आणि गोळ्या अडवायला मागे मातीचा उंच बांध हवा. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या दाट वस्तीत, त्यातही हिवाळ्यात चार वाजताच अंधार पडत असताना, असं मैदान कुठून आणणार? आणि प्रत्येक बाराला सरकारी तिजोरीतून पैसे जात, ते वेगळेच.

1880च्या दशकात रिचर्ड मॉरिस यांनी यावर एक साधा तोडगा काढला. रायफल तीच ठेवायची, फक्त तिच्या नळीत दुसरी बारीक नळी सरकवून घट्ट बसवायची. आतल्या नळीत जेमतेम पाव इंचाहून कमी व्यासाची छोटी गोळी उडे. रायफलचं वजन, दस्ता, चाप, नेम धरण्याची माशी, सगळं रोजचंच राही. आवाज कमी, धक्का जवळजवळ नाही आणि अंतर एवढं थोडं की कवायतीच्या बंद सभागृहातही सराव करता येई. ‘मॉरिस ट्यूब’ या नावाने ही नळी ब्रिटिश लष्करात रूढ झाली. मार्टिनी-हेन्री मागे पडून ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफली आल्या, तेव्हा त्यांच्या मापाच्या मॉरिस नळ्याही आल्या.

आज पिस्तुलाचं किंवा रायफलचं ‘रिमफायर कन्व्हर्जन किट’ (मोठ्या शस्त्रातून छोटं काडतूस उडवण्याचा संच) म्हणून जे विकलं जातं, त्याची वंशावळ इथे सुरू होते. गंमत अशी, की या घराण्याचा मूळपुरुष रिमफायर नव्हताच. मॉरिसच्या काडतुसाची टोपी तळाच्या मधोमध बसवलेली असे, म्हणजे ते आजच्या भाषेत सेंटरफायर होतं. रिमफायर काडतूस, म्हणजे ज्याचं स्फोटक तळाच्या कडेत असतं ते, त्याच्या कितीतरी आधीपासून अस्तित्वात होतं, पण ब्रिटिश लष्कराने त्याला अजून गंभीरपणे घेतलं नव्हतं.

रिमफायरचा जन्म लष्करी छावणीत नव्हे, पॅरिसच्या दिवाणखान्यात झाला. लुई-निकोला फ्लोबेर या बंदूक कारागिराने 1845च्या सुमारास टोपीच्या तोंडाशीच एक बारीक गोळी बसवली. आत वेगळी दारू नव्हती, टोपीतल्या स्फोटकाच्या जोरावरच गोळी जाई. घरात बसून निशाणे साधण्याच्या श्रीमंती शौकाला हे पुरेसं होतं. 1857 साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने याच कल्पनेत थोडी दारू घातली आणि आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरबरोबर .22 इंची काडतूस बाजारात आणलं. पुढे तेच ‘.22 शॉर्ट’ म्हणून ओळखलं गेलं. त्यापाठोपाठ ‘लाँग’ आलं आणि 1887 साली मॅसॅच्युसेट्समधल्या स्टीव्हन्स कंपनीने ‘.22 लाँग रायफल’ काढलं. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, जगात आजही सर्वाधिक चालणाऱ्या काडतुसांत त्याचं नाव घ्यावं लागतं.

ते स्वस्त का, याचं उत्तर त्याच्या बुडात आहे. पातळ पितळी पत्र्याच्या नळकांड्याला तळाशी पोकळ कड असते आणि स्फोटक मिश्रण त्या कडेतच भरलेलं असतं. वेगळी टोपी नाही, तिच्यासाठी वेगळी बैठक नाही. घोड्याची टाच कडेवर कुठेही पडली की पत्रा चेपतो आणि बार उडतो. पण कड चेपायची म्हणजे पत्रा पातळच हवा, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून हे काडतूस कायम छोटंच राहिलं. त्याची नेहमीची गोळी सुमारे 2.6 ग्रॅमची. पहिल्या महायुद्धात वापरलेल्या .303 काडतुसाची गोळी 11.3 ग्रॅमची होती, यावरून अंदाज यावा.

किट बनवणाऱ्याची पहिली डोकेदुखीही याच कडेतून निघाली. लष्करी रायफलच्या बोल्टमधली टाच मधोमध आघात करते, रिमफायरला आघात कडेवर हवा. नुसती आत नळी सरकवून भागत नाही, बोल्टचं तोंडही बदलावं लागतं. मॉरिस यांनी सेंटरफायर काडतूस निवडलं तेव्हा ही कटकट आपोआप टळली होती. त्यांच्यानंतर आलेल्यांच्या ती नशिबी आली.

ती त्यांनी ओढवून घेतली याला कारण बोअर युद्ध. 1899 ते 1902 या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांच्या अचूक माऱ्यापुढे जगातल्या सर्वांत मोठ्या साम्राज्याच्या फौजेची दैना झाली. लॉर्ड रॉबर्ट्स या युद्धात सरसेनापती होते. कानपूरला जन्मलेले, कंदाहारच्या कूचामुळे नावारूपाला आलेले आणि आठ वर्षं हिंदुस्थानच्या सैन्याचं प्रमुखपद सांभाळलेले हे गृहस्थ मायदेशी परतले ते एक ध्यास घेऊन: प्रत्येक इंग्रजाला बंदूक चालवता आली पाहिजे. 1901 साली कामगारांसाठी रायफल क्लबांची संघटना उभी राहिली, 1903 मध्ये तिचीच ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ झाली. गिरणीतली पाळी संपवून आलेला कामगार संध्याकाळी तळघरातल्या 25 यार्डांच्या रेंजवर पोटावर पडून नेम धरू लागला. त्याच्या खिशाला मॉरिसचं काडतूस परवडणारं नव्हतं, .22 परवडत होतं. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये .22 रायफलच्या स्पर्धा झाल्या, इतक्या झपाट्याने ही लाट वर आली होती.

लष्करानेही वारं ओळखलं. 1907च्या सुमारास जुन्या ली-मेटफर्ड रायफली .22 मध्ये बदलायला सुरुवात झाली. पण नळी बदलली की बोल्ट चालवण्याची सवय जाते. खऱ्या रायफलीत मॅगझिनमधून काडतूस वर येतं, बोल्ट पुढे ढकलला की आत जातं, मागे ओढला की रिकामं नळकांडं बाहेर पडतं. ही लय शिपायाच्या हातात मुरली पाहिजे, असं अधिकाऱ्यांना वाटे. एकेक बारीक काडतूस बोटाने ठेवत बसलं तर ती मुरणार कशी?

त्यातून जी युक्ती निघाली ती कागदावर फार देखणी होती. .303 काडतुसाच्याच आकाराचा एक पोकळ पोलादी खोका बनवायचा, त्याच्या पोटात .22 काडतूस ठेवायचं आणि असे पाच खोके मॅगझिनमध्ये भरायचे. 1918च्या ब्रिटिश नमुन्यात अशी सोय होती. अमेरिकेत तर ती आधीच आली होती. स्प्रिंगफिल्ड 1903 रायफलच्या सरावासाठी हॉफर आणि थॉम्पसन या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी .30-06 काडतुसाच्या आकाराचे खोके केले, त्यांत .22 शॉर्ट बसे. यातले थॉम्पसन म्हणजे पुढे ज्यांच्या नावाची ‘टॉमी गन’ गाजली ते.

प्रत्यक्षात या खोक्यांनी सगळ्यांना छळलं. ते गंजत. उडालेलं नळकांडं आत चिकटे, ते एकेक करून ठोकून काढावं लागे. गोळीला खोक्यातून निघून, तिला फिरकी देणाऱ्या नळीतल्या आट्यांपर्यंत उडी घ्यावी लागे, त्यात नेम सुटे. शंभर गोळ्यांचा सराव आणि त्यानंतर खोके साफ करण्याची शिक्षा, असा तो प्रकार. 1922 साली अमेरिकी लष्कराने हा नाद सोडला आणि स्प्रिंगफिल्डच्या धर्तीवर मुळातच .22 साठी घडवलेली एम 1922 रायफल आणली. ब्रिटिशांनीही पुढे तेच केलं. त्यांच्या नंबर 2 मार्क 4 रायफलीत काडतूस हातानेच एकेक ठेवायचं, आणि मॅगझिनची पेटी नुसती उडालेली नळकांडी गोळा करायला उरली. थोडक्यात, बोल्टची लय वाचवण्यासाठी केलेला खोक्यांचा खटाटोप शेवटी दोन्ही सैन्यांनी सोडला आणि नेम राखला. या इतिहासातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

जर्मनीत कारण वेगळं होतं. व्हर्सायच्या तहाने सैन्याला एक लाखाची मर्यादा घातली, शस्त्रांवर आणि दारूगोळ्यावर पहारा बसवला. पण .22 ची खेळातली बंदूक कुणाच्या डोळ्यावर येत नव्हती. एरफुर्ट शहरात बर्टोल्ड गाइपेल यांनी 1922 साली काढलेल्या एर्मा कारखान्याने माउझर रायफलसाठी आत सरकवायची नळी, बोल्ट आणि मॅगझिन असा संच केला. ल्युगर पिस्तुलासाठीही त्यांनी किट काढलं. ल्युगरची गुडघ्यासारखी दुमडणारी यंत्रणा .22 च्या दुबळ्या धक्क्याने हलणं अवघड, म्हणून एर्माने मूळ यंत्रणेऐवजी हलकी, स्वतःची स्प्रिंग असलेली यंत्रणा बसवली. लाकडी पेटीत नीट रचून ठेवलेला हा संच आज संग्राहकांच्या हाती पडला तर मूळ पिस्तुलाइतकाच जपला जातो. 1934 साली ‘डॉयचेस स्पोर्टमॉडेल’ नावाची एकेरी बाराची .22 रायफल आली. नाव खेळाचं, बांधणी हुबेहूब लष्करी माउझरची. ती कुणासाठी होती हे त्या काळच्या गणवेशातल्या संघटनांकडे पाहिलं की कळतं.

रायफलचा बोल्ट निदान हाताने चालतो. आपोआप चालणाऱ्या पिस्तुलाची गोष्टच निराळी. कोल्टच्या .45 पिस्तुलात वरचा जड पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, बाराच्या धक्क्याने मागे जातो, रिकामं नळकांडं फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस भरतो. त्या धक्क्यामागे 15 ग्रॅमची गोळी असते. तिथे 2.6 ग्रॅमची गोळी काय करणार? कोल्ट कंपनीने 1931 साली ‘एस’ नावाचं .22 पिस्तूल काढलं तेव्हा स्लाइड कोरून हलकी केली. पिस्तूल चाललं, पण हातात .45 धरल्याचा अनुभव काही आला नाही. ज्या धक्क्याची सवय व्हावी म्हणून सराव करायचा, नेमका तोच गायब.

त्यावरचा उपाय तुरुंगात घडलेल्या एका कारागिराकडून आला. डेव्हिड मार्शल विल्यम्स हा नॉर्थ कॅरोलायनाचा रांगडा गडी चोरून दारू गाळायचा. 1921 साली त्याच्या भट्टीवर धाड पडली, गोळीबार झाला आणि एक पोलीस अधिकारी मारला गेला. विल्यम्सला खुनाच्या गुन्ह्यात 30 वर्षांची सक्तमजुरी झाली. कॅलिडोनिया इथल्या तुरुंगाच्या शेतावर लोहारकाम करता करता तो भंगारातून बंदुका घडवू लागला. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने त्याला आडकाठी केली नाही, ही या गोष्टीतली सर्वांत अविश्वसनीय बाब आणि तरी ती खरी आहे. कैद्याने तुरुंगाच्या आवारात, अधिकाऱ्यांच्या देखत, बंदुका बनवल्या. शिक्षा कमी होऊन 1929 साली तो सुटला.

विल्यम्सची कल्पना ‘तरंगता चेंबर’ म्हणून ओळखली जाते. काडतूस ज्या खोबणीत बसतं ती नळीपासून सुटी करून तिला थोडं मागेपुढे सरकू द्यायचं. बार उडाला की वायू त्या सुट्या तुकड्याच्या पुढच्या रुंद तोंडावरही दाब देतो. दाब तेवढाच, पण तो पडणारं क्षेत्रफळ मोठं, म्हणून मागे ढकलणारा जोर कितीतरी वाढतो. छोट्या काडतुसाने जड स्लाइड हलवली आणि हाताला .45 ची आठवण करून देणारा धक्काही दिला. कोल्टने हे तत्त्व आपल्या ‘सर्व्हिस मॉडेल एस’ पिस्तुलात घातलं आणि 1938 साली स्लाइड, नळी, तरंगता चेंबर आणि मॅगझिन असा सुटा संच विकायला काढला. आपल्याच .45 च्या सांगाड्यावर तो चढवायचा, सराव झाला की उतरवायचा. आधी ‘एस’ घेऊन बसलेल्यांनी आमचं काय म्हणून विचारलं असावं, कारण उलट दिशेचा, .22 ला .45 करणारा संचही कोल्टने थोडे दिवस विकला. याच तत्त्वावर ब्राउनिंग मशीनगनही सरावासाठी .22 वर चालवली गेली. विल्यम्स पुढे अमेरिकी लष्कराच्या कार्बाइनमुळे प्रसिद्ध झाला आणि 1952 साली हॉलिवूडने त्याच्यावर चित्रपट काढला, त्यात जेम्स स्ट्युअर्टने त्याची भूमिका केली.

तरंगत्या चेंबरला एक खोड होती. .22 चं शिसं आणि काजळी त्या सांध्यात साचे आणि चेंबर तरंगायचा थांबे. दर थोड्या वेळाने उघडून खरवडा. धक्का परत मिळवला, तर स्वच्छता गळ्यात पडली.

म्हणूनच नंतरच्या बऱ्याच कारागिरांनी धक्क्याचा नाद सोडला. काहींनी स्लाइड पोलादाऐवजी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची केली. चेक कारखान्याने सीझेड 75 पिस्तुलासाठी काढलेल्या ‘कॅडेट’ संचात तर स्लाइडचा मोठा भाग जागचा हलतच नाही, फक्त मागचा छोटा तुकडा मागेपुढे होतो. नळी आणि माशी एकाच न हलणाऱ्या भागावर असल्याने नेम पक्का राहतो. स्वित्झर्लंडच्या पी 210 या लष्करी पिस्तुलालाही .22 चा संच मिळे. तिथे नागरिक-सैनिक घरीच शस्त्र ठेवतो, त्यामुळे दुसरं पिस्तूल घेण्यापेक्षा संच परवडतो.

रायफलींमध्ये सर्वांत सोपं गणित अमेरिकेच्या एम 16 चं जमलं, तेही योगायोगाने. तिच्या 5.56 मिलिमीटर गोळीचा व्यास .22 च्या गोळीला जवळजवळ जुळतो. नळी बदलायचीच नाही, फक्त बोल्टचा संच काढून दुसरा घालायचा आणि मॅगझिनमध्ये एक पेटी सरकवायची. मॅक्स अॅचिसन यांनी यावर काम केलं आणि 1980च्या दशकात अमेरिकी लष्कराकडे ‘एम 261’ नावाचं असं किट होतं. अर्थात फुकटात काहीच मिळालं नाही. .22 च्या गोळीला नळीतल्या आट्यांचा एक फेरा 16 इंचांत लागतो, एम 16 ए 1 मध्ये तो 12 इंचांत होता आणि पुढच्या ए 2 मध्ये 7 इंचांत आला. जड लष्करी गोळीला मानवणारी ही गरगर हलक्या शिशाला मानवत नाही, गोळ्या कागदावर पसरतात. भरीला वायूच्या बारीक नळीत शिसं जाऊन बसण्याची भीती.

आज अमेरिकेत किंवा युरोपात कुणी किट घ्यायला दुकानात उभा राहिला तर दुकानदाराने त्याला विचारायचा प्रश्न एकच आहे: मूळ शस्त्रातलं काय राखायचंय? चापाची ओढ राखायची असेल तर बहुतेक सगळीच किटं चालतील, कारण चाप मूळ सांगाड्यातच राहतो. नेम हवा तर न हलणारी नळी पाहावी. हातात तोच भार हवा तर हलक्या मिश्रधातूची स्लाइड थोडी फसवते. आणि धक्का हवा असेल तर बहुधा रिकाम्या हाताने परतावं लागतं. किंमत जमेस धरली की आणखी एक सल्ला अनेक जाणकार देतात, तो विक्रेत्याला रुचत नाही: किटच्या पैशांत थोडी भर घालून सरळ .22 ची वेगळी बंदूक घ्या. एक शतक आधी दोन मोठ्या सैन्यांनी खोक्यांचा त्रास सोसून हेच केलं होतं. किटचा सगळा डोलारा .22 काडतूस स्वस्त आणि मुबलक असण्यावर उभा आहे. 2013च्या आगेमागे अमेरिकेतल्या दुकानांतून तेच दिसेनासं झालं आणि बऱ्याच संचांवर काही काळ नुसती धूळ बसली.

आपल्याकडे किटची बाजारपेठ फारशी रुजली नाही, कारण रूपांतर करायला मूळ शस्त्रच हाती नाही. शस्त्र कायद्यानुसार .303 रायफल किंवा 9 मिलिमीटर पिस्तूल सामान्य नागरिकाला मिळत नाही. मात्र त्या जुन्या ब्रिटिश निर्णयाचं फळ महाराष्ट्रातल्या हजारो घरांत पोचलं आहे, ते एनसीसीमार्फत. 1948 साली स्थापन झालेल्या एनसीसीच्या कॅडेटच्या हाती पिढ्यान्पिढ्या तीच नंबर 2 मार्क 4 आणि तिच्यासारख्या ‘पॉइंट टू टू’ रायफली आल्या. शिबिरात पहाटे रांगेत पोटावर पडायचं, उस्तादाच्या हुकमावर एकेक काडतूस बोटाने सरकवायचं आणि मग कागदावर ग्रुपिंग किती आलं ते मोजायचं, हे ज्यांनी केलं त्यांना पोकळ खोक्यांची आणि तरंगत्या चेंबरची भानगड कधी कळलीच नाही. कळायची गरजही नव्हती.

अंजली भागवत मुंबईच्या कीर्ती कॉलेजात एनसीसीमार्फत नेमबाजीकडे वळल्या, ते 1988च्या सुमारास. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये 50 मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी 2018च्या एशियाडमध्ये 25 मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतलं. आणि 1 ऑगस्ट 2024 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकच्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्स स्पर्धेत 451.4 गुण करून कांस्यपदक मिळवलं. नेमबाजी पॅरिसमध्ये नव्हे, शातोरू इथल्या रेंजवर झाली होती. सावंत, सरनोबत आणि कुसाळे या तिघांच्या पदकामागचं काडतूस 1887 सालचंच आहे, .22 लाँग रायफल. बंदुका मात्र पहिल्या दिवसापासून त्याच्याचसाठी घडवलेल्या.